आत येणारी पावलं

—नाही, तिथंच थांब. बूट काढलेस ते बरं केलंस, पण आत पाय टाकू नकोस. खाली बघ आधी. दिसलं? दारापासूनच आहे सगळं — म्हणून तर हॉलचा तो केअरटेकर सकाळपासून इथल्या भाषेत नमस्कार करत डोकावून जातोय, ‘किआ ओरा शाकू, ऑल गुड?’ — आणि ऑल गुड, ऑल गुड म्हणून मीच त्याला घालवतेय. तू असं कर, मागनं किचनच्या दारानं ये, भिंतीच्या कडेकडेनं, आणि तुमचे ते ढोल राहू देत गाडीतच. प्रॅक्टिस सहाला ना तुमची? मग झालं तर. हं, आलीस? ये. तू अस्मिताची मुलगी ना — ऋग्वेदा? वाटलंच, नाक तिचंच आहे. मी शकुमावशी. मराठी कळतं ना? कळतं, फक्त बोलत नाहीस, ठाऊक आहे मला, तुम्हा सगळ्या पोरांचं तेच. तू इंग्लिशमध्ये बोल, काही बिघडत नाही, पण मी मराठीतच बोलणार. दिवसभर त्या केअरटेकरशी इंग्लिश बोलून जीभ दमलीय माझी. तो स्टूल ओढून घे. मी काही उठत नाही तुझ्यासाठी — एकदा उठले तर परत खाली बसता यायचं नाही, गुडघे आता नावालाच उरलेत.

रांगोळी? हो, रांगोळीच म्हणायची, दुसरं काय म्हणणार. पण मंडळाच्या स्पर्धेची नाही बरं का, नाहीतर आईला जाऊन सांगशील, शकुमावशी आत्तापासून तयारीला लागली. तुमच्या त्या स्पर्धेत हल्ली स्टिकर चिकटवतात म्हणे, आणि त्यालाही नंबर देतात. देवोत बापडे. ही सणाची नाही. आज चोवीस एप्रिल. उद्या अ‍ॅन्झॅक डे, लढाईत गेलेल्या इथल्या सैनिकांचा दिवस, ते तुला शाळेत शिकवलंय — पॉपी, पहाटेची सर्व्हिस, गॅलिपोली. त्या खुर्च्यांवर बघ, पॉपींचे, त्या लाल कागदी फुलांचे, डबे आणून ठेवलेत उद्याच्यासाठी. आणि आज काय? आज काही नाही, इथं ऑकलंडात आज नुसता शुक्रवार. पण आर्मेनियन लोकांचा आज स्मरणाचा दिवस असतो. पहिल्या महायुद्धातच, त्याच वर्षी, त्याच मुलखात — इथली पोरं तिथं बोटींतून उतरली ना, त्याच्या आदल्या रात्री तिथल्या सरकारनं, ऑटोमन म्हणायचे त्यांना, राजधानीतली शिकलीसवरलेली आर्मेनियन माणसं घरांतून उचलली. मग गावंच्या गावं. पुरुष बरेचसे आधीच संपवले, आणि बायका, पोरं, म्हातारी माणसं रांगा करून चालत पाठवली वाळवंटाकडे. कुठं पोचायला नाही, चालता चालता मरायला. दहा लाख म्हणतात, कुणी पंधरा म्हणतात. मला तरी कुठं माहीत होतं गं? मिरजेच्या शाळेत आम्हाला अख्खं महायुद्ध एका धड्यात उरकलं होतं. मला आराक्सीनं सांगितलं.

आराक्सी म्हणजे माझी पेशंट. आता पेशंट म्हणवत नाही, पण सुरुवात तशीच. मी डायलिसिसची नर्स होते, रिटायर होईपर्यंत तेच केलं. तिथं कसं असतं, माणूस आठवड्यातून तीनदा येतो आणि चार-चार तास खुर्चीला खिळून बसतो, एका हातात सुया. काही जण टीव्ही बघतात, काही झोपतात, आराक्सी बोलायची. ती अलेप्पोची — सीरियात आहे ना, तिथं लढाई पेटली तेव्हा तिचा भाचा हागोप तिला इकडं घेऊन आला. नवरा नाही, मूल नाही, एवढा भाचाच. तिचं इंग्लिश मोडकं, माझं नर्सचं, पण चाललं आमचं. तिची आजी त्या चालवत नेलेल्यांतली. दहा-अकरा वर्षांची पोर होती तेव्हा, आणि बरोबर धाकटा भाऊ, आवेदिस त्याचं नाव. एवढासा. अनवाणी. हळू चालायचा. आई वाटेतच गेली, मग हिनं त्याला पाठीवर घेतला, पण किती घेणार? शेवटी एका झाडाखाली बसवला, म्हणाली पाणी घेऊन येते — आणि शिपायांनी तिला पुढं हाकलली ती हाकललीच. आजी नव्वदीपर्यंत जगली म्हणे, अनाथाश्रमात वाढली, लग्न केलं, नातवंडं पाहिली. पण चालताना मधेच थांबून मागं बघायची. बाजारात, चर्चमध्ये, घरातल्या घरात सुद्धा. पोरं चिडवायची तिला. आराक्सी पण चिडवायची, ते तिनंच सांगितलं मला.

आणि एक सांगायची ती. तिकडं नदीच्या काठाला एक टेकडी आहे वाळवंटात. तिच्या लहानपणी चर्चची सगळी मंडळी या दिवसाला बसनं तिथं जायची. नुसत्या बोटांनी वाळू उकरली की हाडं लागायची. हे तिनं सांगितलं तेव्हा मी तिच्या हातातली सुई काढत होते. माझा हात तसाच थांबला, आणि ती म्हणते, शाकू, दाब, रक्त येतंय. अशी बाई. पुढं तिकडच्या गावात त्यांनी दगडी चर्च बांधलं, त्यात ती हाडं ठेवली, आता तरी नीट राहतील म्हणून. तर दहा-बारा वर्षांमागं त्या लढाईत तेही कुणीतरी सुरुंग लावून उडवलं. मेल्यावर तरी माणसाला सुखानं राहू द्यावं, तेवढंही नाही.

मग एका दिवाळीला — आमचे हे होते तेव्हाची गोष्ट — मी आणि एका केरळच्या पोरीनं युनिटच्या दाराशी रांगोळी काढली. आराक्सीनं व्हीलचेअर तिथंच थांबवली. किती दिवस टिकते म्हणाली. म्हटलं, टिकतेय कुठली, संध्याकाळी क्लीनर येतो. मग? मग उद्या परत काढायची. मग चार तास मशीनवर बसून झाले, आणि जाताना म्हणाली, आमचे लोक दगडात क्रूस कोरतात. दगड फोडता येतो. हे कोण फोडणार? आमच्यासाठी काढ एकदा. काढते म्हटलं. आणि काढते, काढते करत वर्षं गेली. का म्हणजे? गुडघे, दुसरं काय. घरी सुद्धा काढत नाही मी आता. सोडून दिलंय.

पण या सोमवारपासून आराक्सीनं मशीन बंद केलंय. तिचं तिनं ठरवलं, डॉक्टरांशी बोलून, शांतपणे. बंद केलं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको, मी जन्मभर तेच बघितलंय. थोडेच दिवस असतात. त्यात एखादा दिवस बरा जातो, माणूस हसतं-बोलतं, तो आजचा असावा असं म्हणून हागोपनं आज तिला आणायचं ठरवलं. कारण तिनं एकच मागितलं त्याच्याकडं — शाकूची ती फरशी बघायची. आता बोल. असं म्हटल्यावर गुडघ्यांचं काय सांगणार?

म्हणून सकाळी नऊपासून इथं बसलेय. बाकीच्या आर्मेनियन लोकांचा कार्यक्रम दुपारी झाला, पाच-सहा घरंच तर आहेत त्यांची इकडं, मेणबत्त्या लावल्या, भिंतीला धरून उभे राहिले आणि गेले. आता ती तेवढी यायची. नक्षी हागोपनं दिली. इंजिनियर माणूस, कागदावर बरोबर मापं घालून. मधे ते जांभळं फूल — ते त्यांचं खूण म्हणून असतं, विसरू नका असं सांगणारं — ते म्हणजे घर. आणि त्या फुलापासून पावलं सुटायची चहूकडे, भिंतींपर्यंत, दारापर्यंत. फुलाजवळ दाटीनं, मग विरळ, मग अगदी कडेला एखादंच. कळलं ना? निघाले तेव्हा किती, आणि पोचले किती. चांगलं होतं गं, मला बघूनच गलबलून आलं. पावलं म्हटल्यावर मला काय अवघड? गौरीची पावलं काढत आलेय मी लहानपणापासून. मूठ वळायची, ओली करायची, तांदळाच्या पिठात बुडवून टेकवायची, वर बोटांनी पाच ठिपके. अर्धी मूठ वळली की लहान मुलाचं होतं. काढत गेले. कंबर मोडली पण हात थांबला नाही, मधे नुसता चहा, तोही त्या केअरटेकरनं आणून दिला, गार होऊन गेला. जेवणाच्या वेळेला हागोप आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, शाकू, हे काय केलंस?

तू बघ आता नीट. ती बोटं कुठं आहेत? सगळी आत. फुलाकडं. जागा त्यानं सांगितली तीच, दाटी तीच, विरळ तिथं विरळ — आणि सगळी माणसं घरात येतायत. मी काढलं आणि मला पत्तासुद्धा नाही. आपल्या हातानं पाऊल निघतं ते आतच येणारं निघतं, त्याला काय करणार. गौर दारातून आत येते, लक्ष्मी आत येते. तिसऱ्या दिवशी गौर जाते की परत, पण जाणाऱ्या गौरीची पावलं काढलेली तू कुठं पाहिलीस? तुझ्या आजीनं काढली असती? घरातून बाहेर जाणारं पाऊल कुणी उंबऱ्यावर काढतं का?

हे मी त्याला सांगितलं, आणि त्यानं ऐकून घेतलं, तसा भला आहे. पण म्हणाला, शाकू, ते बाहेर गेले. बाहेर. कुणी परत आलं नाही. शंभर वर्षं आम्ही जगाला एवढंच सांगतोय की त्यांना बाहेर काढलं, आणि जग म्हणतं, कशावरून? आणि तू त्यांना घरी आणलंस. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द बोलता आले असते. खरंच आहे ना त्याचं? खरं ते काढायला हवं होतं. मी ते गोड करून ठेवलं, प्रसादाला साखर घालावी तसं. म्हणाला, मी तिला पाचनंतर आणतो, तोवर उलटी करता येतील का? म्हटलं, करते.

ते तिथं रिकामं दिसतंय ना, खिडकीखाली? तेवढं पुसलं. ओल्या फडक्यानं पुसून पहिलं पाऊल बाहेरच्या बाजूला टेकवायला गेले — आणि बसून राहिले. तू आलीस तेव्हा अशीच बसले होते. केव्हापासून काय माहीत.

तू काढतेस? तू? पीठ इथंच आहे, भांडं इथंच आहे, अवघड काही नाही, हात तेवढा उलटा फिरवायचा. तुला काय त्याचं, इथं वाढलेली पोर, तुला शकुन-अपशकुन काही — नको. ठेव ते. ठेव म्हणते ना. तुझ्यावर नाही चिडले, ये बस परत. ‘इट्स जस्ट फ्लाअर’ म्हणालीस ते बरोबरच आहे, नुसतं पीठच तर आहे. मी काही तशी जुन्या वळणाची बाई नाही गं. मी नर्स आहे. किती माणसं गेली माझ्यासमोर, अमावस्येला गेली, शुक्रवारी गेली, कधी काही मानलं नाही.

शिवाजीकाका आठवतात का तुला? आमचे हे? गणपतीत तुम्हा पोरांना कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानात नेऊन आइसक्रीम द्यायचे ते. हां, तेच, मोठ्यानं हसायचे. त्या वर्षी लॉकडाऊन होता, लेव्हल फोर, म्हणजे आपल्या घराचा ‘बबल’ सोडून बाहेरच्या कुणी आत यायचं नाही, घरात आम्ही दोघंच. तरी मी गौरी बसवल्या. दारापासून देवापर्यंत पावलं काढली, हे मागं हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभे, गौर आली, कशाच्या पावलांनी आली, सोन्याच्या पावलांनी आली, म्हणत चेष्टा करत होते, म्हणाले, गौरीला बबलमध्ये घेतलंस का, नियम आहे. संध्याकाळी म्हणाले, छातीवर जड वाटतंय जरा. मी नाडी बघितली आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ते लोक आले सगळे झाकूनपाकून, डोळे तेवढे दिसत होते. पण पोरं चांगली होती, दारातली पावलं बघितली आणि बाजूनं पाय टाकत आली. आणि हे? हे जँडल्स, त्या रबरी चपला, घालून सरळ मधून चालत गेले. अहो, रांगोळी, म्हटलं मी. तेवढंच म्हटलं. मागं वळून हसले, म्हणाले, येतो गं. मला बरोबर जाता येत नव्हतं. जिथं वीस वर्षं काम केलं तिथंच मला आत सोडणार नव्हते, आणि नियम बरोबर होता, सगळीकडेच तो होता, मी ड्यूटीवर असते तर मीही कुणाला तेच सांगितलं असतं. सकाळी फोन आला.

दारात गौरीची पावलं आत येत होती आणि त्यांच्यावरून यांच्या जँडल्सचे ठसे बाहेर गेले होते. स्पष्ट, त्या आडव्या रेघा असतात ना, त्यासुद्धा. मी ते पुसलं नाही. गौरी तशाच राहिल्या, कुठलं विसर्जन आणि कुठलं काय. मी मागच्या दारानं जायची-यायची. मग वारा आला, पाऊस आला, ऑकलंडचा पाऊस काय सांगून येतो? गेलं ते सगळं. त्यानंतर काढली नाही मी रांगोळी. दारात नाही, देवापुढं नाही, कुठंच नाही. ही पहिलीच.

आता तुलना नाही करत मी, तसं वाटून घेऊ नकोस. माझा एक माणूस गेला, हॉस्पिटलमध्ये गेला, चादर घालून गेला, त्याला कुणी मारलं नाही, त्याच्या नावाचा कागद आहे माझ्याकडं. त्यांचं काय आणि माझं काय. मी एवढंच सांगतेय की हा हात बाहेर जाणारं पाऊल काढत नाही. मेलेलं माणूस परत येत नाही हे मला ठाऊक आहे, हागोपनं नाही शिकवायला पाहिजे. डोक्याला ठाऊक आहे, हाताला कोण सांगणार? पण त्यात तिचं नुकसान होतंय. शेवटची एक गोष्ट मागितली बाईनं, आणि ती सुद्धा मी चुकीची करून ठेवली. तिला बोलायचं तर बोलू दे. तिचा हक्क आहे.

थांब. गाडी ना ती? दार वाजलं. त्याचीच आहे. तू बस भिंतीशी, हलू नकोस, पिठावर वारा येईल. आली बघ — अगं, केवढी वाळलीय, नुसतं ब्लँकेटच दिसतंय खुर्चीत. हागोप, थांब, तिथंच. उंबऱ्याच्या आत नको. तो विचारतोय, उलटी केली का. नाही केली म्हटलं. नाही जमली. बघ त्याचा चेहरा. बिचारा, तोही दमलाय.

आता वाकून तिच्या कानात सांगतोय, त्यांच्या भाषेत. चूक झालीय म्हणत असणार, सांभाळून घे म्हणत असणार. सांगू दे. खरं तेच सांगतोय — तिनं हात वर केला. त्याला गप्प बसवलं वाटतं. बघतेय. सगळं बघतेय, भिंतीपासून बघत येतेय. श्श, तू रडू नकोस, तुला काय झालं.

काय, आराक्सी? हो, ऐकतेय मी, बोल. विचारते, ही सगळी कुठं निघालीत. मी काय सांगू? म्हटलं, घरी. हाताला दुसरं येत नाही माझ्या, रागावू नकोस म्हटलं.

नाही, रागावली नाही. बोट दाखवतेय कुठंतरी — ते, दाराजवळचं, तिच्या अगदी पुढ्यातलं. ते बारकं. सगळ्यांच्या मागचं. म्हणते, हा मागंच राहणार. हा हळू चालायचा.

काय गं? मोजे? आराक्सी, फरशी गार आहे, मघापासून हीटपंप पण बंद आहे. — म्हणते, मोजे काढ. हागोप, काढ तिचे मोजे. तिच्या काखेत हात घाल, दोन्ही हात, तिचा भार तुझ्यावर घे. घाबरू नकोस, मी धरते पुढनं. मोडू दे, पीठच आहे, मोडू दे. तू गं, हात दे मला, उठव. हं. झालं. आता तू जा. ढोलवाल्या पोरांना पार्किंगमध्येच थांबव, सहा वाजले तरी. इथून नको, किचनच्या दारानं जा, इथून आज कुणी बाहेर पडायचं नाही. आणि ‘आय अ‍ॅम गोइंग’ काय? जाते म्हणायचं नसतं गं. येते म्हण.